हंगामाआधी वेब ॲप्लिकेशन वेगवान कसे करावे: डेटाबेसची निवड, मोजमाप आणि दुरुस्ती

दिवाळीनंतर कापसाची आवक वाढली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील खरेदी केंद्रांवर पहाटेपासून गाड्यांची रांग लागते. अशाच एका केंद्रासाठी मी काही वर्षांपूर्वी वेब ॲप्लिकेशन तयार केले होते. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, ओलावा, ठरलेला भाव, काटा पावती आणि शेतकऱ्याचे चुकारे एवढाच त्याचा व्याप होता. पहिले दोन हंगाम ते सुरळीत चालले. तिसऱ्या हंगामात काट्यावरच्या ऑपरेटरचा फोन आला, "भाऊ, हे चक्र फिरूनच राह्यलं, पावत्यांचं पान काही उघडून नाही राह्यलं." ते पान उघडायला सहा सेकंदांच्या आसपास लागत होते. सहा सेकंद ऐकायला थोडे वाटतात, पण दारात चाळीस गाड्या उभ्या असताना प्रत्येक पावतीमागे ते लागू लागले की दुपारपर्यंत रांग रस्त्यावर येते.

तेव्हा आम्ही उपाय केले, पण उलट्या क्रमाने केले. मालकांनी आधी सर्व्हरची मेमरी दुप्पट करून घेतली आणि पानाच्या वेगात काडीचाही फरक पडला नाही. मग एका सहकाऱ्याने डेटाबेसच बदलून टाकण्याचा आग्रह धरला आणि त्या चर्चेत दोन दिवस गेले. दोष कुठे होता हे मोजायला बसलो तेव्हा तो तासाभरात सापडला. तो काय होता, हे पुढे योग्य ठिकाणी सांगतो. ज्यांना पीएचपी, पायथन किंवा जावास्क्रिप्टमध्ये साधे वेब ॲप्लिकेशन लिहिता येते, पण ज्यांनी डेटाबेसच्या आत कधी डोकावून पाहिलेले नाही, अशा नवशिक्यांसाठी हा लेख आहे. उदाहरण सर्वत्र खरेदी केंद्राचेच घेतले असून त्यात शेतकरी, पावत्या आणि चुकारे अशी तीन मुख्य टेबले आहेत असे धरावे.

पहिली पायरी: डेटाबेस निवडणे

ही निवड जितकी मोठी भासते तितकी बहुतेक वेळा नसते. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल पद्धतीवर, म्हणजे माहिती टेबलांत ठेवून ती परस्परांशी जोडण्याच्या कल्पनेवर चालणारे डेटाबेस आजही व्यवहाराच्या कामाला सर्वांत योग्य आहेत. ज्या कामात पैसा, वजन आणि सही असते, तिथे प्रत्येक चुकारा कोणत्या पावतीचा आणि प्रत्येक पावती कोणत्या शेतकऱ्याची हे डेटाबेसने स्वतः तपासावे लागते. ही जबाबदारी आपल्या कोडवर टाकली, तर ती कधी ना कधी निसटते.

काम एकाच ठिकाणी, एकाच मशीनवर चालणार असेल आणि नोंदी करणारी माणसे दोन-तीनच असतील, तर एसक्यूलाइट पुरेसे आहे. डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली तयार केलेल्या या डेटाबेसला वेगळा सर्व्हर लागत नाही. सगळी माहिती एका फाइलमध्ये राहते. एका वेळी एकच जण लिहू शकतो ही त्याची मर्यादा आहे. २०१० पासून उपलब्ध असलेली 'वॉल' पद्धत सुरू केली, तर एकाचे लिहिणे चालू असताना इतरांना वाचता येते आणि एका काट्यासाठी तेवढे खूप होते. मात्र ती फाइल नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवून दोन संगणकांवरून उघडू नये. तिथे फाइलवरचे कुलूप भरवशाचे नसते आणि फाइल बिघडू शकते.

तीन-चार केंद्रे, मुख्य कार्यालयातला मुनीम आणि मोबाइलवरून आपली पावती पाहणारे शेतकरी असा पसारा असेल, तर माझी निवड पोस्टग्रेसक्यूएल ही असते. मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सुरू केलेल्या पोस्टग्रेस प्रकल्पातून ते आले आणि १९९६ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. १९९५ चे मायएसक्यूएल किंवा त्यातून २००९ मध्ये वेगळे झालेले मारियाडीबी हेही उत्तम आहेत, आणि स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवर बहुधा तेच मिळते. तसे असेल तर केवळ पोस्टग्रेससाठी होस्टिंग बदलण्याची घाई करू नये. मायएसक्यूएल घेतल्यास अक्षरसंच 'यूटीएफ८एमबी४' आहे याची खात्री करावी. त्यातला जुना 'यूटीएफ८' हा संच प्रत्येक चिन्हाला तीनच बाइट देतो. देवनागरी अक्षर तीन बाइटांत बसते, त्यामुळे चाचणीत सर्व ठीक दिसते आणि पुढे कुणी शेऱ्यात इमोजी टाकला की नोंद अडते.

मोंगोडीबीचे नाव तुमच्या कानावर येईलच. ज्या माहितीचा आकार प्रत्येक नोंदीगणिक बदलतो, तिथे त्याचा उपयोग आहे. काटा पावतीचा आकार मात्र वर्षानुवर्षे तोच राहतो, आणि जो एखादा रकाना खरोखर बदलता असतो, त्यासाठी पोस्टग्रेसमध्ये 'जेसनबी' प्रकार आहेच. रेडिस हे मुख्यतः मेमरीत चालणारे साधन आहे. ते मुख्य डेटाबेसच्या जोडीला वापरावे, हिशेबाची एकमेव वही म्हणून नव्हे.

दुसरी पायरी: रकान्यांचे प्रकार

रक्कम आणि वजन कधीही 'फ्लोट' प्रकारात ठेवू नये. संगणकाच्या द्विमान पद्धतीत ०.१ ही संख्या नेमकी लिहिता येत नाही, म्हणून ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते, आणि हजार पावत्यांच्या बेरजेत मुनिमाच्या वहीशी पैशांचा फरक पडतो. पैशांसाठी 'न्यूमेरिक' प्रकार घ्यावा. वजन किलोमध्ये पूर्णांकात ठेवावे आणि क्विंटल फक्त पडद्यावर दाखवावे.

वेळेच्या बाबतीतली चूक अधिक छुपी असते. सर्व्हरचे घड्याळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालते आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे आहोत. पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी काट्यावर चढलेली गाडी सर्व्हरच्या दृष्टीने आदल्या दिवशी रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी आलेली असते, म्हणून दिवसाच्या अहवालात ती कालच्या तारखेत जाऊन बसते. दुपारी चाचणी घेणाऱ्याला हा दोष दिसत नाही. वेळक्षेत्रासह असणारा 'टाइमस्टॅम्पटीझेड' प्रकार वापरावा आणि दिवसाची हद्द भारतीय वेळेनुसार ठरवावी.

आता शेतकऱ्यांच्या नावांकडे येऊ. इंग्रजी मार्गदर्शकांत ही अडचण सहसा नसते, पण मराठीत काम करणाऱ्याला ती पहिल्याच महिन्यात गाठते. आमच्याकडे 'कऱ्हाळे' आडनावाचा एक शेतकरी यादीत दोनदा होता, दोन्ही नोंदी डोळ्यांना अगदी सारख्या दिसत होत्या, आणि शोधात एका वेळी एकच सापडत होती. कारण 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये एकच चिन्ह म्हणूनही लिहिता येते, 'र' आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते, आणि काही कळफलक 'ऱ्ह' लिहिताना 'र', हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह असा क्रम टाकतात. युनिकोडच्या 'एनएफसी' या प्रमाणीकरणाने पहिले दोन प्रकार एक होतात, तिसरा होत नाही. तो स्वतःच बदलून घ्यावा लागतो. हा बदल करण्याआधीच न दिसणारी चिन्हे सरसकट काढून टाकली, तर 'ऱ्ह'चा 'र्ह' होऊन बसतो, तेव्हा क्रम सांभाळावा. अक्षर आणि चिन्ह वेगळे लिहिलेला 'अॅ' आणि एकसंध 'ॲ' हेही संगणकाला भिन्न असतात आणि ते एनएफसीने एक होत नाहीत. यावर सोपा उपाय असा की नाव जसे लिहिले तसे एका रकान्यात ठेवावे आणि त्याचे प्रमाणित रूप शोधासाठी दुसऱ्या रकान्यात ठेवून इंडेक्स, म्हणजे चटकन शोधण्यासाठीची सूची (चौथ्या पायरीत ती नीट पाहू), त्या दुसऱ्या रकान्यावर करावा.

तिसरी पायरी: आधी काटा, मग भाव

गाडीकडे नुसते पाहून कुणी कापसाचे वजन सांगत नाही, आणि कोडकडे पाहून त्याच्या वेगाचा अंदाज बांधणेही तितकेच फसवे असते. ॲप्लिकेशन संथ झाले की पहिले काम म्हणजे वेळ नेमका कुठे जातो हे पाहणे. ब्राउझरच्या विकासक साधनांत 'नेटवर्क' हा भाग उघडून संथ पान पुन्हा लोड करावे. सर्व्हरकडून पहिला बाइट यायलाच पाच सेकंद लागत असतील, तर दोष सर्व्हर किंवा डेटाबेसमध्ये आहे. पहिला बाइट लवकर येऊन पुढचे चित्र-फॉन्ट रेंगाळत असतील, तर डेटाबेसला हात लावू नये.

सरासरीवर विश्वास ठेवू नये. सर्व्हरकडे आलेल्या शंभर मागण्यांपैकी ('रिक्वेस्ट') ९५ मागण्यांना ०.१ सेकंद आणि पाच मागण्यांना ८ सेकंद लागले, तर सरासरी अर्धा सेकंद दिसते आणि सगळे आलबेल वाटते; ज्या पाच जणांचा खोळंबा झाला ते मात्र तुम्हाला फोन करतात. म्हणून ९५ किंवा ९९ टक्के मागण्या किती वेळात पूर्ण झाल्या, हा आकडा पाहावा.

डेटाबेसच्या आत पाहण्यासाठी संथ क्वेरींची नोंदवही असते. मायएसक्यूएलमध्ये ती सुरू करावी लागते आणि तिची मूळ मर्यादा १० सेकंदांची आहे, म्हणजे नऊ सेकंद लागणारी क्वेरी तिच्या लेखी वेगवान ठरते. ही मर्यादा अर्ध्या सेकंदावर आणावी. पोस्टग्रेसमध्ये अशी नोंद मुळात बंदच असते.

आमच्या केंद्राची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण ही नोंदवही सुरू करूनही तिच्यात काहीच सापडले नव्हते. एकही क्वेरी अर्ध्या सेकंदाच्या वर गेलेली नव्हती. मग पोस्टग्रेससोबतच येणारे 'पीजी स्टॅट स्टेटमेंट्स' हे जोडसाधन सुरू केले. ते प्रत्येक प्रकारची क्वेरी किती वेळा चालली आणि तिने एकूण किती वेळ खाल्ला, याची बेरीज ठेवते. एकूण वेळेनुसार उतरता क्रम लावला, आणि पहिल्या ओळीत एक अगदी साधी क्वेरी दिसली: एका पावतीचे चुकारे आणणारी. एकदा चालायला तिला ९० मिलिसेकंद लागत होते, पण पावत्यांच्या पानावर ६० पावत्या असत आणि आमचा कोड प्रत्येक पावतीसाठी ती पुन्हा चालवीत होता. साठ गुणिले नव्वद म्हणजे ५.४ सेकंद. दोन दोष एकमेकांच्या आड लपले होते, म्हणून दोन्ही वेगवेगळे समजून घेऊ.

चौथी पायरी: इंडेक्स, म्हणजे खतावणी

जुन्या पद्धतीने हिशेब ठेवणाऱ्या अडत्याकडे दोन वह्या असत. रोजकीर्दीत व्यवहार जसे घडतील तसे तारखेच्या क्रमाने लिहिले जात, आणि त्यांवरून खतावणीत प्रत्येक खातेदाराच्या नावाच्या पानावर ते पुन्हा चढवले जात. एखाद्या शेतकऱ्याने येऊन "माझे किती बाकी आहेत?" असे विचारले, तर मुनीम रोजकीर्द पहिल्या पानापासून चाळत बसत नसे, खतावणीतले त्याचे पान उघडीत असे. टेबल ही रोजकीर्द समजावी आणि इंडेक्स ही खतावणी. चुकाऱ्यांच्या टेबलात चार लाख नोंदी होत्या, पण 'पावती क्रमांक' या रकान्याची खतावणी नव्हती. त्यामुळे दोन चुकारे शोधण्यासाठी डेटाबेस दरवेळी चारही लाख नोंदी चाळीत होता. टेबल आधीच मेमरीत मावत असल्यामुळे नवी मेमरी घालूनही हे चाळणे वाचले नाही. इंडेक्सची रचना झाडासारखी असते आणि त्याच्या एका पानात शेकड्यांनी नोंदी मावतात. एका पानात ३०० धरल्या, तर तीन पातळ्यांत २ कोटी ७० लाख नोंदींपर्यंत पोहोचता येते. म्हणजे तीन-चार पाने उलटली की काम झाले.

पावती क्रमांकाचा रकाना पावत्यांच्या टेबलाशी परकीय कळीने, म्हणजे 'फॉरिन की'ने जोडलेला होता, त्यामुळे त्याचा इंडेक्स असणारच असे मी गृहीत धरले होते. मायएसक्यूएलचे नेहमीचे इनोडीबी इंजिन तो आपोआप करते. पोस्टग्रेस करीत नाही. मी आधी मायएसक्यूएलवर शिकलेला, त्यामुळे हे गृहीतक तपासण्याचे मनातही आले नाही.

एखादी क्वेरी कशी चालते ते पाहण्यासाठी तिच्या आधी 'एक्सप्लेन ॲनलाइझ' लिहून ती चालवावी. उत्तरात 'सीक स्कॅन' असे दिसले, तर पूर्ण टेबल चाळले गेले. 'इंडेक्स स्कॅन' दिसले, तर खतावणी वापरली गेली. 'रोझ रिमूव्ड बाय फिल्टर' (गाळून काढलेल्या नोंदी) या ओळीपुढचा आकडा विशेष बोलका असतो, कारण वाचून फेकून दिलेल्या नोंदी तो मोजतो. आमच्या वेळी तिथे ३,९९,९९८ होते. डेटाबेसने आधी बांधलेला नोंदींचा अंदाज आणि प्रत्यक्ष संख्या यांत फार मोठी तफावत असेल, तर टेबलाची आकडेवारी जुनी झालेली असू शकते. त्या टेबलावर 'ॲनलाइझ' ही आज्ञा चालवून ती ताजी करावी. एक सावधगिरी मात्र बाळगावी: 'एक्सप्लेन ॲनलाइझ' ती क्वेरी खरोखर चालवते. पुढे 'डिलीट' असेल तर नोंदी खरोखर जातात. अशी आज्ञा तपासायचीच असेल, तर 'बिगिन' आणि 'रोलबॅक' यांच्या मध्ये ती ठेवावी.

दोन रकान्यांचा इंडेक्स करताना क्रम महत्त्वाचा असतो. 'शेतकरी, मग तारीख' असा इंडेक्स केला, तर एका शेतकऱ्याच्या दिवाळीनंतरच्या पावत्या चटकन मिळतात, पण कालच्या दिवसाच्या सगळ्या पावत्या काढायला तो फारसा कामाचा नाही, कारण खतावणी नावाप्रमाणे लावलेली आहे आणि कालची तारीख प्रत्येक पानावर विखुरलेली आहे. रकान्याला फंक्शनमध्ये गुंडाळले तरी असाच घोटाळा होतो. वेळेच्या रकान्यातून तारीख काढून ती आजच्या तारखेशी ताडून पाहिली, तर वेळेवरचा साधा इंडेक्स बाजूला पडतो. त्याऐवजी 'आज मध्यरात्रीपासून उद्या मध्यरात्रीच्या आधीपर्यंत' अशी दोन टोके द्यावीत. नावाच्या शोधात सुरुवातीलाच टक्केचिन्ह टाकले, म्हणजे 'शेवटी काळे असलेले कोणतेही नाव' असे विचारले, तर तेच होते. शेवटच्या अक्षरांवरून खतावणीतले पान कुणाला उघडता येणार?

म्हणून प्रत्येक रकान्यावर इंडेक्स करून मोकळे व्हावे, असा मोह होतो. तसे करू नये. प्रत्येक नवी पावती रोजकीर्दीत लिहिल्यावर तितक्याच खतावण्यांतही चढवावी लागते, आणि हंगामात लिहिण्याचाच भार जास्त असतो. चाळीस गावांच्या यादीसारख्या लहान टेबलावर तर इंडेक्स असूनही डेटाबेस तो वापरत नाही, आणि त्याचा निर्णय बरोबर असतो. दुसरीकडे, पोस्टग्रेसमध्ये ठरावीक नोंदींपुरता इंडेक्स करण्याची सोय आहे तिचा उपयोग जरूर करावा: चार लाख चुकाऱ्यांपैकी बाकी असलेले काही हजारच असतात, आणि रोज विचारणा होते ती त्यांचीच.

चालू केंद्रावर इंडेक्स तयार करताना 'कन्करंटली' हा शब्द विसरू नये. तो नसेल, तर इंडेक्स पूर्ण होईपर्यंत त्या टेबलात नवी नोंद करता येत नाही आणि काटा थांबतो. हे काम शक्यतो रात्रीच करावे.

पाचवी पायरी: खेपा कमी करणे

इंडेक्स झाल्यावर ९० मिलिसेकंदांची क्वेरी एका मिलिसेकंदाच्या आत आली आणि ऑपरेटरची तक्रार त्याच दिवशी मिटली. पण साठ पावत्यांसाठी एकसष्ट क्वेरी हा दुसरा दोष तसाच होता. शेतातून साठ गाठोडी आणायची असताना बंडी जुंपून एकेक गाठोडे आणावे, तसा तो प्रकार होता. बैल कितीही चपळ असले तरी खेपांचा वेळ जातोच.

हा दोष बहुतेक वेळा फ्रेमवर्कच्या सोयीतून येतो. जँगो किंवा लाराव्हेलसारख्या चौकटींत 'पावती.चुकारे' असे लिहिले की मागे एक क्वेरी गुपचूप चालते, आणि ते वाक्य फेऱ्याच्या, म्हणजे 'लूप'च्या, आत असेल, तर तितक्या वेळा चालते. जँगोमध्ये 'सिलेक्ट रिलेटेड' व 'प्रीफेच रिलेटेड' आणि लाराव्हेलमध्ये 'विथ' वापरून संबंधित नोंदी एक-दोन क्वेरींत आधीच मागवता येतात. विकास करतानाच प्रत्येक पानाखाली 'या पानासाठी किती क्वेरी चालल्या' हा आकडा दाखवणारी पट्टी लावावी. दहाच्या वर गेला की मी थांबून पाहतो.

ॲप्लिकेशन आणि डेटाबेस एकाच ठिकाणी नसतील, तर खेपांचा खर्च भयंकर वाढतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. नागपूर ते मुंबई हा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर आहे. तेवढ्या लांबीच्या तारेवरून जाऊन-येऊन ७ मिलिसेकंद लागतील. अमेरिकेचा पूर्व किनारा इथून बारा हजार किलोमीटरहून दूर आहे, म्हणजे एक फेरी १२० मिलिसेकंदांच्या आत होणे निसर्गनियमानेच अशक्य. ॲप्लिकेशन मुंबईत ठेवून डेटाबेस अमेरिकेतल्या फुकट योजनेवर ठेवला, तर एकसष्ट क्वेरींना सात सेकंदांहून अधिक वेळ नुसत्या प्रवासात जाईल, मग इंडेक्स कितीही चांगले असोत. दोन्ही एकाच डेटा सेंटरमध्ये, शक्यतो मुंबईत ठेवावेत.

पाने उलटण्याची सोय देताना 'ऑफसेट'चा, म्हणजे 'इतक्या नोंदी सोडून पुढच्या दे' या आज्ञेचा, मर्यादित वापर करावा. पाचशेव्या पानावर जाण्यासाठी डेटाबेस आधीची ४९९ पाने वाचून टाकून देतो. 'शेवटच्या दिसलेल्या पावती क्रमांकाच्या आधीच्या ५० पावत्या' असे मागितले, तर कोणतेही पान सारख्याच वेळात येते.

सहावी पायरी: जोडण्या, कुलुपे आणि थोड्या सेटिंग्ज

पोस्टग्रेस प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रोसेस उघडते आणि मुळात १०० जोडण्यांना परवानगी देते; मायएसक्यूएलमध्ये हा आकडा १५१ आहे. गर्दीच्या वेळी 'जोडण्या संपल्या' असा संदेश आला की नवशिका हा आकडा ५०० करतो, आणि दोन कोरच्या मशीनवर पाचशे प्रोसेस एकमेकींना ढकलत बसतात. एका काट्यावर पाच गाड्या चढवल्याने वजन लवकर होत नाही. जोडण्यांचा साठा, म्हणजे 'पूल', ठेवून लहान मशीनवर दहाच्या आसपास जोडण्या आलटून-पालटून वापराव्यात. ॲप्लिकेशनच्या प्रती अनेक असतील, तर मध्ये पीजीबाउन्सर, म्हणजे सर्वांना सामायिक साठ्यातून जोडण्या वाटून देणारे साधन, ठेवावे.

व्यवहार, म्हणजे 'ट्रान्झॅक्शन', उघडा ठेवून बाहेरच्या सेवेची वाट पाहू नये. पावती नोंदवायची, त्याच व्यवहारात शेतकऱ्याला एसएमएस पाठवायचा आणि मग व्यवहार पक्का करायचा, असा कोड मी स्वतः लिहिला होता. एसएमएस पाठवणारी सेवा एके दिवशी संथ झाली तेव्हा तितका वेळ नोंदींवरची कुलुपे तशीच राहिली आणि ज्यांचा एसएमएसशी काही संबंध नव्हता ती पानेही अडकली. आधी व्यवहार पक्का करावा. एसएमएस वेगळ्या रांगेत टाकून मागाहून पाठवावा.

सेटिंग्जमध्ये नवशिक्याने फार खोलात जाऊ नये. पोस्टग्रेसचे 'शेअर्ड बफर्स', म्हणजे टेबलांची माहिती मेमरीत धरून ठेवण्याची जागा, मुळात १२८ मेगाबाइट असते. मशीन केवळ डेटाबेससाठी असेल, तर एकूण मेमरीच्या पाव भागापासून सुरुवात करावी. डिस्क एसएसडी असेल, तर 'रँडम पेज कॉस्ट' (डिस्कवरचे विखुरलेले पान वाचण्याचा डेटाबेसने धरलेला खर्च) ४ वरून १.१ च्या आसपास आणावा, कारण मूळ आकडा फिरत्या तबकड्यांच्या काळातला आहे. 'वर्क मेम' सढळपणे वाढवू नये. ते प्रत्येक जोडणीतल्या प्रत्येक क्रमवारीला वेगवेगळे मिळते, त्यामुळे मेमरी पाहता पाहता संपते.

सातवी पायरी: तयार उत्तर जपून ठेवणे

आजचा भाव दिवसातून फार तर दोन-चारदा बदलतो, पण शेतकरी तो हजारदा पाहतात. असे उत्तर रेडिसमध्ये किंवा नुसते ॲप्लिकेशनच्या मेमरीत मिनिटभर ठेवले तरी पुरते. भाव बदलताच जुने उत्तर पुसण्याची व्यवस्था त्याच ठिकाणी करावी, कारण मोबाइलवर एक भाव आणि काट्यावर दुसरा दिसला, तर तंटा अटळ आहे. शेतकऱ्याची बाकी रक्कम मात्र अशी साठवून कधीही दाखवू नये. ती दरवेळी डेटाबेसमधूनच यावी.

आठवी पायरी: टॉवरपासून दूरचा वापरकर्ता

मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावांत मोबाइलचा एखादाच दांडा दिसतो, तिथे पानाचे वजन हाच वेग असतो. देवनागरी मजकुराचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेत असले तरी तो मजकूर दाबून पाठवल्यावर लहान होतो, म्हणून सर्व्हरवर 'जीझिप' किंवा 'ब्रोटली' सुरू आहे का ते आधी पाहावे. नवी जोडणी उघडल्यावर सर्व्हर पहिल्या दमात साधारण १४ किलोबाइटच पाठवतो. पावतीचा मुख्य मजकूर तेवढ्यात मावला, तर तो पहिल्याच फेरीत पोहोचतो. शोभेचा देवनागरी फॉन्ट लादण्याऐवजी फोनमधलाच वापरावा.

नववी पायरी: दसऱ्याआधीची तालीम

रिकाम्या डेटाबेसवर घेतलेली चाचणी काहीच सांगत नाही. तीन हंगामांत जमतील तितक्या खोट्या नोंदी आधी भराव्यात, मग 'के६' किंवा 'अपाचेबेंच'सारख्या साधनाने गेल्या वर्षीच्या सर्वांत गर्दीच्या तासाइतक्या मागण्या पाठवाव्यात आणि नंतर त्याच्या दुप्पट. एका वेळी एकच बदल करावा आणि आधीचा व नंतरचा आकडा वहीत लिहावा. दोन बदल एकदम केले, तर कोणत्या बदलाने गुण आला ते कळत नाही.

वीज जाण्याची तालीमही यातच घ्यावी. वेग वाढवण्यासाठी 'एफसिंक' बंद करण्याचा सल्ला इंटरनेटवर सर्रास दिला जातो. तो केंद्रातच सर्व्हर ठेवणाऱ्याने कदापि मानू नये, कारण नोंद डिस्कवर पोहोचल्याची खात्री न करता पुढे गेलेल्या डेटाबेसची वीज मध्येच गेली, तर संपूर्ण डेटाबेस बिघडू शकतो. 'सिंक्रोनस कमिट' बंद केल्यास डेटाबेस शाबूत राहतो, पण शेवटच्या क्षणांतल्या काही पावत्या हरवू शकतात, आणि छापील पावती शेतकऱ्याच्या हातात असताना ती डेटाबेसमध्ये नसणे हिशेबाला परवडत नाही. दोन्ही चालूच ठेवावेत आणि सर्व्हरला यूपीएस द्यावा. चाचणीच्या मशीनवर मागण्या सुरू असतानाच वायर खेचावी, पुन्हा सुरू करून शेवटची छापलेली पावती सापडते का ते पाहावे, आणि आदल्या रात्रीचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर चढवून त्याला किती मिनिटे लागली, तेही त्याच वहीत टिपून ठेवावे.